खूण दिसेल असा दिवा

गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक ड्रायव्हर तिला वहिनी म्हणायचा, मिस्त्रीपेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. नवीन गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं की बॉनेटखाली वाकलेली बाई बघून जरा थबकायचं, इकडेतिकडे पुरुषमाणूस शोधायचं. मग मिस्त्री मागून पान्याने पत्रा वाजवत म्हणायचा, "घाबरू नका, चावत नाही ती. फक्त तिच्याशी खोटं बोलून चालत नाही. गाडी शेवटची कधी उघडली होती, ते खरं सांगा."

गॅरेज जुन्या गाड्यांचं होतं. ज्यांचं इंजिन स्वतःचं स्वतः सगळं बघतं, अशा नव्या गाड्या तिथे कधी आल्याच नाहीत. यायच्या त्या म्हाताऱ्या व्हॅन, जीप, मालकाच्या बापाने घेतलेल्या मोटारी. त्यांना एकच गोष्ट वेळोवेळी करून घ्यावी लागे, ठिणगीचं टायमिंग. इंजिनात ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते. जरा आधी पडली, की इंजिन चढावर खडखडतं, तापतं, आतल्या आत झिजतं. जरा उशिरा पडली, की गाडी ओढत नाही आणि पेट्रोल मात्र तहानलेल्या गुरासारखं पिते. तो क्षण बरोबर आहे की नाही, हे इंजिन चालू असतानाच बघावं लागतं. आणि चालू इंजिनाची पुली अशी गरगरत असते, की तिच्यावरची केसाएवढी खाच कुणाच्या बापाला दिसणार नाही.

त्यासाठी एक दिवा असतो. पिस्तुलासारखा हातात धरायचा. त्याची एक वायर पहिल्या प्लगला जोडलेली असते, त्यामुळे तिथे ठिणगी पडली की दिवा चमकतो, पुन्हा पडली की पुन्हा चमकतो. प्रत्येक चमकेच्या वेळी पुली त्याच जागी आलेली असते, म्हणून डोळ्यांना वाटतं की ती थांबलीच आहे. इंजिन घोंघावत असतं, पट्टा पळत असतो, आणि त्या सगळ्या धावपळीत खाच तेवढी बाजूच्या आकड्यांच्या पट्टीसमोर शांत उभी राहते. तिने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आकडा सांगायचंच विसरली होती. आतून मिस्त्री ओरडत होता, "अगं, झोपलीस का?" आणि ती नुसती बघत होती. एवढ्या घाईत असलेली एखादी वस्तू इतकी स्वस्थ दिसू शकते, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

ती गॅरेजमध्ये आली ती मिस्त्रीच्या मानेमुळे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत एकदा जॅक घसरला आणि त्याच्या मानेचे मणके दुखावले. हाड सांधलं, पण मान जी ताठ राहिली ती कायमचीच. "माझी मान आता कुणापुढे झुकत नाही," असं तो ड्रायव्हर लोकांना ऐटीत सांगायचा आणि रात्री उशीशी भांडायचा. बाकी सगळं काम त्याला जमे. पुली मात्र रेडिएटरच्या मागे, खाली, अडचणीत असते. तिथे बघायला मान खाली घालावी लागते, आणि तेच त्याला शक्य नव्हतं. म्हणून मागच्या बाजूला तो ठिणगीची वेळ मागेपुढे करणारा डिस्ट्रिब्यूटर हाताने हळूहळू फिरवायचा आणि पुढे ती दिवा धरून खूण वाचायची.

"आली?"

"येतेय."

"किती?"

"चार. पाच. अजून जरा. तुमचा हात आज जड आहे हं. सहा. थांबा, मागे गेली."

"मागे गेली की तू मागे सरकलीस?"

"मी जागची हलले नाही. आठ. बस."

मग तो बोल्ट आवळायचा. त्या 'बस'वर तो डोळे मिटून आवळायचा, कधी उलटून विचारलं नाही. आणि इंजिन चालूच असायचं म्हणून त्याच्यावरून बाकीचंही बोलून व्हायचं. टाकीची तोटी गळतेय, मुलीला बघायला येणारी माणसं कशी वाटतात, धाकट्या दिराने पुन्हा नोकरी सोडली. घरात दोघं जेवताना फारसं बोलत नसत. चार भिंतींत त्यांना शब्दच सुचत नसत. इंजिनाच्या दोन बाजूंना उभं राहिलं, मधे तो आवाज असला, एकमेकांची तोंडं दिसत नसली, की दोघांच्याही जिभेला पाय फुटायचे. मुलीचं लग्न ठरलं ते एका जीपच्या बॉनेटवरून. सासू गेल्यावर मिस्त्री रडला तोही तिथेच, मागच्या बाजूला, आणि ती पुढून आकडे सांगत राहिली, त्याला पुरेसा वेळ मिळेपर्यंत.

डोळ्यांचं कधी सुरू झालं, हे तिलाही नेमकं सांगता आलं नसतं. सुईत दोरा ओवताना आधी सुई हरवली. मग पेपरातल्या ओळीतला ती वाचत असलेला शब्द तेवढा पुसट होऊ लागला. आजूबाजूचं सगळं लख्ख असायचं, जिथे बघावं तिथेच कुणीतरी ओल्या बोटाने पुसून ठेवल्यासारखं. पुलीपाशीही तेच. पट्टा दिसे, पंखा दिसे, रेडिएटरवरचा गंजाचा डाग दिसे. खाच तेवढी नसे.

तिने खाच खडूने रंगवली. मग पांढऱ्या रंगाने. मग जाड पांढऱ्या रंगाने, एवढा की पट्टीवरचे दोन-तीन आकडे त्या फराट्याखाली जायला लागले. बेकरीच्या व्हॅनचा ड्रायव्हर वाकून म्हणाला, "वहिनी, खूण केलीत की भिंत रंगवलीत?" ती हसली. तो जन्माचा चेष्टेखोर होता, आणि ती त्याला दर वेळी सव्याज परत करायची. त्या दिवशी मात्र तिने रंगाच्या डबीचं झाकण लावलं.

मिस्त्रीला ती म्हणाली, "दिवा मंद झालाय."

नाचता येईना, अंगण वाकडं. हे तिच्या मनात त्याच क्षणी येऊन गेलं होतं. पण दिवा खरंच जुना होता, लालसर उजेडाचा, पहिल्यापासूनच मिणमिणता. त्यामुळे खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही, निदान पहिल्यांदा. मिस्त्रीने दिव्याची काच पुसली, वायर बदलली, शेडच्या दाराला ताडपत्री बांधून दिवसाढवळ्या अंधार केला.

"आता?"

"आता बरं दिसतंय."

आता ती कानाने काम करू लागली. इतकी वर्षं आकडा बघताना आवाजही कानावर पडत होताच. आठवर इंजिन कसं बोलतं, बारावर कसं, हे तिला साधारण ठाऊक झालं होतं. साधारण. पण प्रत्येक इंजिनाचा गळा निराळा असतो, आणि म्हाताऱ्या इंजिनाला तर सर्दी-पडसं कायमचंच. ती अंदाजाने 'बस' म्हणायची आणि मागे बोल्ट आवळल्याचा आवाज आला की घाबरून दिवा बाजूला करायची. भीती डोळ्यांची नव्हती. डोळे काय, वय झालं की जातात, आईचेही गेले होते. भीती त्या जागेची होती. दिवा हातातून गेला की इंजिनाच्या पुढच्या बाजूला उभं राहण्याचं तिला काही कारण उरणार नव्हतं. ती घरी जाणार, तो इथे राहणार, आणि जेवायला समोरासमोर बसल्यावर दोघंही आमटीत बघत राहणार.

याच सुमारास मिस्त्रीने एक नवी सवय लावून घेतली. काम झालं की गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या आधी तो स्वतः एक चक्कर मारून यायचा, पुलापलीकडच्या चढापर्यंत. तिला वाटलं, वय झाल्यावर माणूस धास्तावतो, तसं असेल.

बेकरीची व्हॅन मात्र चक्कर न मारताच गेली, कारण ड्रायव्हरला घाई होती. थोड्याच दिवसांत ती परत आली.

"वहिनी, चढावर गाडी नुसती डबा बडवत जाते हो. मागचे पाव जागे होतात."

मिस्त्रीने प्लग काढून हातावर धरला. टोक पांढरंफटक जळलं होतं. ठिणगी फार आधी पडत होती. त्याने प्लग तिच्यापुढे केला नाही, खिशात टाकला.

"दिवाच बदलू," तो म्हणाला. "उद्या जाऊन नवा घेऊन येऊ."

हत्यारांच्या दुकानाचा मालक त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होता. बोलायला लागला की त्याला बंद करायचं बटण नव्हतं. त्यांनी आपली व्हॅन दुकानामागच्या आवारात उभी करून बॉनेट उघडलं, आणि त्याने माळ्यावरून तीन खोकी काढून त्यांवरची धूळ फुंकली.

"टायमिंगचा दिवा मागणारे आता तुम्ही दोघं आणि एक जीपवाला म्हातारा. तुम्ही गेलात की मी खोकी भंगारात देऊन टाकणार."

"आम्ही गेलो की म्हणजे?" तिने विचारलं.

"दुकानातून गेलात की, वहिनी. तुम्ही तर शंभर वर्षं जगा."

पहिला दिवा त्यांच्या जुन्याचा भाऊच होता. बॅटरी लागत नाही, प्लगच्या ठिणगीवरच पेटतो. "अंधार असेल तर ठीक," दुकानदार म्हणाला, "उन्हात म्हणजे काजवा. घेऊ नका, विकायला ठेवलाय म्हणून दाखवतोय." तिने तो धरला, दिसेना, आणि मंद आहे असं म्हणाली. ते खरंच होतं. तिला उगाच हायसं वाटलं.

दुसरा पांढऱ्या उजेडाचा. बॅटरीवर चालणारा. "ह्याला प्लगची वायर काढायची भानगड नाही. हा चिमटा वायरीवर बसवायचा. चिमट्यावर बाण आहे तो प्लगकडे ठेवायचा, उलटा लावलात तर दिवा वेड्यासारखा चमकेल आणि शिव्या मला द्याल. जीप सहा व्होल्टची असेल तर शेजारी बारा व्होल्टची बॅटरी ठेवून तिच्यावर चालवा. चिमटा पत्र्याचा आहे, गरम पाइपला लागला तरी वितळत नाही. ह्यातच एक लांब वायरचा येतो. एकट्याने काम करणाऱ्यांसाठी. दिवा घेऊन गाडीभोवती सगळीकडे फिरता येतं."

"एकटा कोण आहे इथे?" मिस्त्री म्हणाला.

तिने दिवा रोखून घोडा दाबला. उजेड एवढा पांढरा होता की तिचे डोळे दिपले. पंखा जागच्या जागी थांबल्यासारखा उभा राहिला, त्याच्या पात्यावरचा ओरखडासुद्धा दिसला. पट्ट्याच्या कडेचे सुटलेले धागे दिसले. ती पुलीकडे बघायला गेली, आणि पुली होती तिथे राखाडी डाग आला. नजर बाजूला नेली की डाग सरके आणि क्षणभर पांढरा फराटा चमकून जाई. परत बघितलं की डाग परत तिथेच. जगातला सगळ्यात चांगला दिवा आणला तरी हेच दिसणार, हे तिला त्या दोन-चार श्वासांत कळून चुकलं.

"किती?" मिस्त्रीने विचारलं.

"आठ," ती म्हणाली. व्हॅन त्यांची स्वतःची होती. डोळे चांगले असताना तिनेच ती आठवर लावली होती.

"बरोबर. दिसतंय ना नीट?"

"लख्ख."

"मग हा तिसरा बघाच," दुकानदार म्हणाला. दिव्याच्या पाठीवर आकड्यांची एक चकती होती. त्याने ती फिरवली, चिमटा लावला आणि दिवा तिच्या हातात दिला. "हा म्हणजे राजा. हं, सांगा वहिनी, किती?"

तिने घोडा दाबला. पंखा थांबला, पट्टा थांबला, डाग आला.

"आठच," ती म्हणाली.

दुकानदार हसला. "आठ कसे? आठ तर मी मागे चकतीवर घेतलेत. ह्या दिव्याची गंमतच ती. चकती आठवर ठेवली की तो तेवढे अंश वजा करून दाखवतो. खूण शून्यावर दिसली पाहिजे. शून्यावर दिसली म्हणजे टायमिंग आठ. पट्टीवरचे आकडे गंजले असले तरी चालतं."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "शून्यावर आहे, म्हणजे एकूण आठच झाले की."

"हुशार आहेत वहिनी. हिशोब करूनच सांगितला."

दुकानदार पुढे बोलत राहिला, चकतीबद्दल, कंपनीबद्दल, आजकालच्या मालाबद्दल. तिने घोडा सोडला नाही. सोडला तर काहीतरी बोलावं लागेल असं वाटत होतं. मिस्त्रीची मान वळत नसे, म्हणून कुणाकडे बघायचं तर तो सबंध वळायचा, खांद्यांसकट, दार वळावं तसा. तो तसा सबंध वळला. तिच्याकडे बघत उभा राहिला. मग परत वळला.

"तो लांब वायरचा द्या," तो म्हणाला.

"अहो, हा चकतीवाला घ्या. मी तुम्हाला—"

"नको. साधाच द्या. लांब वायरचा."

परत येताना खोकं तिच्या मांडीवर होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "पाऊस येणार वाटतं." तो हं म्हणाला. आभाळ निरभ्र होतं, हे दोघांनाही दिसत होतं. तेवढं तिलाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी एक मोटार आली. तिने सवयीने दिव्याकडे हात नेला.

"दे इकडे," मिस्त्री म्हणाला.

"आणि मान?"

"वायर पुरते."

वायर पुरायचा प्रश्नच नव्हता. त्याने एक बुटकं स्टूल आणलं, रेडिएटरसमोर ठेवलं, त्यावर बसून सबंध अंग कमरेतून वाकवून खाली बघितलं. उठला. मागे गेला, डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवला. परत पुढे आला, बसला, वाकला. दोघांनी बोलता बोलता उरकायचं ते काम त्याला अर्धी सकाळ पुरलं. मधे ती एकदा म्हणाली, "मी फिरवते, तुम्ही बघा." तिने फिरवला, पण जन्मात कधी फिरवला नव्हता. किती हलक्या हाताने ते काम करायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. तो रागावला नाही. "राहू दे," म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

ती पायरीवर बसून प्लग घासू लागली. मग प्लगही संपले. आतून फक्त स्टूल सरकल्याचा आवाज यायचा.

असे बरेच दिवस गेल्यावर एकदा डबा खाताना ती म्हणाली, "मला खूण दिसत नाही."

"माहितीये."

"दुकानात कळलं ना?"

"आधीच. बेकरीच्या गाडीच्याही आधी." त्याने घास गिळला. घास गिळतानाही त्याची मान जरा दुखायची. "चढापर्यंत चक्कर मारायचो ती काय हवा खायला? कानाने ऐकायचो, वाटेत उतरून जरा मागेपुढे करायचो, आणि यायचो."

"मला बोलला नाहीत."

"तू म्हणालीस, दिवा मंद झालाय."

"आणि तुम्ही मानलंत?"

"मलाही वाटत होतं," तो म्हणाला, "दिवाच असावा."

तिने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मग लांब वायरचा का घेतलात? राहू द्यायचं होतं चाललंय तसं. मी बस म्हटलं असतं, तुम्ही चढावर जाऊन नीट केलं असतं. कुणाचं काय बिघडत होतं?"

"तुला रोज खोटं बोलायला लागत होतं."

"बोलले असते," ती म्हणाली. "रोज बोलले असते."

त्याने दिवा स्वतःकडे घेतला होता तो मायेनेच, हे तिला कळत होतं. त्याच मायेने तिची जागा घेतली होती, हेही. ती दोन्ही धरून ती पायरीवर जाऊन बसली.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोघं गेली. डॉक्टर तरुण होती, हळू बोलायची. डोळ्यामागच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, म्हणाली. कडेचं दिसत राहील, समोरचं कमी होत जाईल. चष्म्याने भागण्यासारखं नाही. थेट बघू नका, वस्तूच्या जरा बाजूला बघायची सवय करा, म्हणजे वस्तू दिसेल. घरी येताना तिने नवऱ्यावर ते करून बघितलं. त्याच्या कानाकडे बघितलं, तर तोंड दिसलं. उन्हात आलेलं, गालफडं बसलेलं. इतकी वर्षं इंजिनाच्या पलीकडे असलेलं तोंड तिने फारसं निरखलंच नव्हतं, आणि आता ते असं चोरून बघावं लागणार होतं.

थंडी पडली तशी मिस्त्रीची मान आणखी आखडली. स्टुलावरून उठताना तो बंपर धरायचा. मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. एकदा पाना हातातून सुटून पंख्यात गेला आणि छताला जाऊन आपटला. दोघांनी वर बघितलं. तो वर बघताना पार मागे रेलला, पडता पडता वाचला. पत्र्याला पडलेल्या भोकातून उजेडाचा एक ठिपका खाली तेलाच्या डागावर पडला, तो संध्याकाळपर्यंत तिथे सरकत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बेकरीची व्हॅन आली. ड्रायव्हर नेहमीसारखा बोलत बोलतच उतरला.

"वहिनी, बाहेर बसलात? आत कोंडून ठेवायचं सोडून मिस्त्रीने बाहेर काढलं का?"

"ऊन खातेय," ती म्हणाली.

"खा. ऊन फुकट आहे." तो आत गेला. "मिस्त्री, टायमिंग बघून द्या. परत डबा बडवतेय."

मिस्त्री हात पुसत होता. हात पुसून झाले तरी पुसत राहिला. "टायमिंगचं काम बंद केलंय आता," तो म्हणाला. "ब्रेक, क्लच, स्प्रिंगचे पाटे, काय ते सांग. टायमिंग नाही."

"का हो?"

"मान. अजिबात वाकवत नाही."

"मान तर तुमची माझ्या लहानपणापासून अशीच आहे. वहिनी आहेत की बघायला."

"ती काय एकटी करणार? मलाच मागे उभं राहवत नाही. मानेचंच आहे सगळं."

पायरीवर तिने ते ऐकलं. त्याने ते तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलेलं नव्हतं, उलट आवाज खाली घेतला होता. गप्प बसणं सोपं होतं. ड्रायव्हर हळहळला असता, मानेला तेल लावा म्हणाला असता आणि निघून गेला असता. गावातल्या सगळ्या जुन्या गाड्यांना कळलं असतं की मिस्त्रीची मान गेली, आणि वहिनी वहिनीच राहिली असती. ती भिंत धरून उठली आणि आत आली.

"त्यांच्या मानेला नवीन काही झालेलं नाही," ती म्हणाली. "माझे डोळे गेलेत. मला खूण दिसत नाही."

मिस्त्री सबंध वळला. "अगं—"

"मागच्या खेपेला तुमची गाडी खडखडली ती माझ्यामुळे. मी न बघताच बस म्हटलं होतं."

ड्रायव्हरच्या हातात किल्ली होती, ती तो बोटाभोवती फिरवत होता, थांबला. त्याला चेष्टेशिवाय बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्याला शब्द शोधावे लागले. "तसं काही नाही हो, वहिनी," तो म्हणाला. "गाडीच म्हातारी झालीय."

"गाडी चांगली आहे," ती म्हणाली. "पुलापलीकडच्या त्या नव्या मिस्त्रीकडे न्या. मुलगा हुशार आहे, पण त्याच्याकडे दिवा नाही." मग मिस्त्रीच्या दिशेने, त्याच्या खांद्याकडे बघत, "आपला द्यायचा का?"

मिस्त्री भिंतीपाशी गेला, खुंटीवरून दिवा काढला. वायर फार लांब होती. त्याने ती कोपर आणि अंगठ्याभोवती एकसारखी गुंडाळली, चिमटा मधे खोचला, दिवा खोक्यात ठेवला आणि खोकं ड्रायव्हरच्या हातात दिलं. "सांग त्याला, चिमट्यावरचा बाण प्लगकडे."

"परत कधी आणून देऊ?"

"राहू दे त्याच्याकडेच."

ड्रायव्हरने खोकं पावाच्या ट्रेवर ठेवलं, मग तिथून उचलून शेजारच्या सीटवर ठेवलं, आणि निघाला. दोघं शेडच्या दारात उभी राहिली. व्हॅन वळणावरून गेली, पूल ओलांडला, चढाला लागली. गाडी दिसत नव्हती, कुणालाच. आवाज मात्र येत होता, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा.

"फारच आधी पडतेय ठिणगी," तो म्हणाला.

"चार अंश तरी."

"सहा."

तिने कान दिला. "सहा नाहीत. पाच."

"असतील पाच," तो म्हणाला.

मग चढ संपला आणि आवाजही. तो आत जाऊन एका जीपचं चाक खोलायला बसला. ती थोडा वेळ दारातच उभी होती. मग तिने पायरीवरचं बसकर उचललं, डबा उचलला आणि ऊन असतानाच घरी जायला निघाली.